दोन प्रोव्हायडर घेतले, पण रस्ता कोण निवडतंय?

सप्टेंबर २०२५ च्या सुरुवातीला तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि भारत, पाकिस्तान, आखात सगळीकडे नेट रांगायला लागलं, मायक्रोसॉफ्टनेही जाहीर केलं की अझूर क्लाउड वापरणाऱ्यांना उशीर जाणवेल. अशा वेळी एक प्रश्न हमखास येतो. आमच्या ऑफिसात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची कनेक्शनं आहेत, एक गेलं की दुसरं चालू होतं, महिन्याला दोन बिलं भरतो, मग आमचं का अडकलं?

प्रश्न रास्त आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलीये की दोन कनेक्शनं म्हणजे दोन रस्ते, आणि त्यातला कुठला घ्यायचा ते आपण ठरवतो. यातलं अर्धंच खरं आहे, ते पण कधीकधी.

आधी हे बघू की रस्ता म्हणजे काय

इंटरनेट ही एक कंपनी नाही की एक यंत्रणा नाही. जगभरातली हजारो नेटवर्क एकमेकांना जोडलेली आहेत, कुणी टेलिकॉम कंपनी, कुणी विद्यापीठ, कुणी बँक, कुणी गूगलसारखं अवाढव्य. अशा प्रत्येक स्वतंत्र नेटवर्कला एक नंबर असतो, त्याला एएस नंबर म्हणतात. तुमच्या मोबाईलवरून निघालेला डेटा समोरच्या सर्व्हरपर्यंत जाताना अशी तीन-चार नेटवर्क ओलांडतो, कधी जास्त.

आता कुठलं नेटवर्क कुठे आहे हे सगळ्यांना कळतं कसं? तर शेजारी शेजाऱ्याला सांगतो. 'हे हे आयपी पत्ते (म्हणजे इंटरनेटवरचे आकडी पत्ते) माझ्याकडे आहेत' किंवा 'माझ्यामार्फत तिथे जाता येईल', आणि तो पुढच्याला सांगतो, तो त्याच्या पुढच्याला. हे सांगण्याची जी ठरलेली पद्धत आहे तिचं नाव बीजीपी. जानेवारी १९८९ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनला एक तांत्रिक बैठक होती, तिथे जेवताना सिस्कोचे कर्क लॉकहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर यांनी पेपर नॅपकिनवर तिचा पहिला आराखडा काढला होता. तात्पुरती सोय म्हणून केलेली गोष्ट होती ती, आणि आजही जग त्याच्याच सुधारलेल्या चौथ्या आवृत्तीवर चालतंय. तात्पुरतं केलेलं कायमचं होणं हे फक्त आपल्याच सरकारी कामांत होतं असं नाही.

एक उदाहरण घेऊ, हेच शेवटपर्यंत पुरेल. मुंबईहून पुण्याला जायचंय. एक एक्स्प्रेसवे आणि एक जुना हायवे. निघताना कुठला धरायचा ते तुम्ही ठरवता. पण पुण्याहून तुमच्याकडे येणारा पाहुणा कुठल्या रस्त्याने येईल ते तो ठरवतो, तुम्ही फार तर फोन करून सांगू शकता की बाबा इकडून ये. आणि तिसरी गोष्ट म्हणजे बोरघाटात हे दोन्ही रस्ते काही अंतर एकच होतात, तिथे दरड आली की दोन्हीकडचे लोक एकाच रांगेत. मिसिंग लिंक बांधायला घेतली ती यासाठीच. दोन प्रोव्हायडरचं सगळं गणित या तीन गोष्टींत आहे.

घरचं आणि छोट्या ऑफिसचं प्रकरण

बहुतेकांकडे असतं ते असं की दोन कंपन्यांच्या फायबर आल्यात, दोन मोडेम, आणि पुढे एक राउटर ज्याला दोन्ही वायर लावता येतात, ज्याला दुकानात ड्युअल वॅन म्हणतात. तो दोन पद्धतींनी चालतो. एक म्हणजे फेलओव्हर, म्हणजे एक लाइन चालू, दुसरी राखीव. दुसरी पद्धत लोड बॅलन्सिंग, दोन्ही लाइनवर काम वाटून द्यायचं.

लोड बॅलन्सिंगबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज हा की १०० एमबीपीएसच्या दोन लाइन घेतल्या की २०० चा स्पीड मिळेल. नाही मिळत. राउटर वाटणी करतो ती कनेक्शनची, म्हणजे एक डाउनलोड एका लाइनवर, दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल दुसऱ्या लाइनवर. एकच मोठी फाइल उतरवायला बसलात तर ती एकाच लाइनवरून येणार आणि १०० च्या वर जाणार नाही. ऑफिसात वीस माणसं असतील तर फायदा नक्की होतो, एकट्याला फारसा नाही.

दुसरी कटकट नेटबँकिंगची. तुम्ही लॉगिन केलंत पहिल्या लाइनवरून, पुढचं पान उघडताना राउटरने ते काम दुसऱ्या लाइनवर टाकलं, बँकेच्या सर्व्हरला दिसतं की एक सेकंदापूर्वी हा माणूस एका पत्त्यावरून बोलत होता आणि आता दुसऱ्याच, तो घाबरून तुम्हाला बाहेर काढतो. सीएच्या ऑफिसात रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेला हे झालं की नेटवर्कवाल्याला जे ऐकावं लागतं ते इथे लिहिता येत नाही. उपाय सोपा आहे. एका कॉम्प्युटरचं सगळं एकाच लाइनवर राहील अशी सेटिंग बऱ्याच राउटरमध्ये असते, ती चालू करायची.

'पण फेलओव्हर चालू होता ना, मग नेट का गेलं?'

इथे जरा थांबतो कारण बहुतेक ठिकाणी घोळ इथेच असतो.

राउटरला कळणार कसं की लाइन गेली? स्वस्तातला राउटर फक्त हे बघतो की मोडेमकडून आलेल्या वायरमध्ये जीव आहे का. आता चौकात जेसीबीने फायबर तोडली तरी तुमचा मोडेम तुमच्या टेबलावर मस्त चालू असतो, वायरचा दिवा लुकलुकत असतो, राउटर म्हणतो सब ठीक है. कस्टमर केअर म्हणतं 'फायबर कट आहे सर, टीम साइटवर आहे', आणि इकडे राखीव लाइन रिकामी पडलीये.

म्हणून राउटरला सांगायचं की दर काही सेकंदांनी बाहेरच्या एखाद्या पत्त्याला पिंग कर, म्हणजे हाक मारून उत्तर येतंय का बघ. लोक गूगलचा ८.८.८.८ टाकतात. एकच टाकू नका, दोन वेगळ्या कंपन्यांचे टाका, नाहीतर त्यांचा एखादा पत्ता उत्तर द्यायचा थांबला की तुमची चांगली लाइन उगाच बाद होईल. आणि प्रोव्हायडरचाच जवळचा गेटवे, म्हणजे त्याच्याकडचं पहिलं यंत्र, टाकू नका, कारण तो उत्तर देत राहतो आणि तुटलेलं असतं त्याच्या पलीकडे.

याहून फसवी गोष्ट डीएनएसची आहे. साइटचं नाव देऊन तिचा आयपी पत्ता विचारायचा सर्व्हर म्हणजे डीएनएस. राउटरमध्ये पहिल्या कंपनीचा डीएनएस टाकलेला असतो आणि बऱ्याच कंपन्यांचे डीएनएस सर्व्हर बाहेरच्या ग्राहकाला उत्तर देत नाहीत. मग होतं काय, लाइन व्यवस्थित बदलते, पिंग चालतं, आधीपासून उघडं असलेलं एखादं ॲप पण चालतं, फक्त एकही नवीन साइट उघडत नाही, आणि सगळे म्हणतात दुसरी कंपनीच भिकार. कंपनीचा काही दोष नसतो. कुठल्याही लाइनवरून उत्तर देणारा सार्वजनिक डीएनएस टाकला की भागतं.

जाताना तुमचं, येताना त्यांचं

वरचं सगळं झालं तुमच्याकडून सुरू होणाऱ्या कनेक्शनचं. पण समजा उलटं आहे. तुमच्याकडे सर्व्हर आहे, हॉस्पिटलचं रिपोर्ट बघायचं पोर्टल आहे, किंवा साधा सीसीटीव्ही आहे जो गावाहून बघायचाय. म्हणजे बाहेरचे लोक तुमच्याकडे येणार.

अडचण अशी की पहिल्या प्रोव्हायडरने दिलेला आयपी पत्ता त्याचा असतो, तुमचा नाही. त्याची लाइन गेली की तो पत्ता पण गेला, दुसऱ्याच्या लाइनवर तो चालत नाही. आणि घरगुती कनेक्शनवर तर बऱ्याचदा स्वतंत्र पत्ता मिळतच नाही, एकाच सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो घरं असतात, त्याला सीजीनॅट म्हणतात, तिथे बाहेरून आत यायला दारच नाही.

म्हणून बँका, मोठी हॉस्पिटलं, डेटा सेंटरवाले स्वतःचे आयपी पत्ते आणि स्वतःचा एएस नंबर घेतात. आपल्याकडे हे काम आयआरआयएनएन बघते, ती निक्सी या संस्थेचा भाग आहे. मग तेच पत्ते दोन्ही प्रोव्हायडरमार्फत जगाला जाहीर करायचे. एक लाइन गेली की तिकडची जाहिरात, म्हणजे 'हे पत्ते इकडे आहेत' ही घोषणा, आपोआप मागे घेतली जाते, जग दुसऱ्या बाजूने यायला लागतं, पत्ता तोच राहतो. खरं मल्टिहोमिंग म्हणतात ते याला.

मग राउटर रस्ता निवडतो कसा? जो फास्ट असेल तो?

नाही, आणि बहुतेकांना इथेच आश्चर्य वाटतं. बीजीपीला स्पीड कळतच नाही. रस्ता भरलाय का, डेटा हरवतोय का, किती मिलिसेकंद लागतात, यातलं काहीही तिला दिसत नाही.

एकाच ठिकाणी जायचे दोन रस्ते समोर आले की राउटर आधी बघतो की मालकाने कुठला पसंत केलाय. या पसंतीला लोकल प्रेफरन्स म्हणतात, साधा आकडा असतो, मोठा आकडा जिंकतो. दोन्ही आकडे सारखे असले तरच पुढे बघायचं की वाटेत नेटवर्क किती लागतात, कमी असतील तो रस्ता घ्यायचा. तेही सारखं निघालं तर आणखी बारीकसारीक निकष आहेत, ते सोडून देऊ.

पण पसंती ठरते कशावर? पैशावर. प्रोव्हायडरला तीन प्रकारचे शेजारी असतात. ग्राहक त्याला पैसे देतो, बरोबरीचा शेजारी बहुतेक वेळा फुकटात देवाणघेवाण करतो, आणि वरचा मोठा प्रोव्हायडर त्याच्याकडून पैसे घेतो. साहजिकच डेटा पाठवायचा तर आधी ग्राहकामार्फत, मग बरोबरीच्यामार्फत, आणि अगदीच नाइलाज असेल तर वरच्यामार्फत. म्हणजे तुमचा डेटा लांबून फिरत का जातोय याचं उत्तर बऱ्याचदा तांत्रिक नसतंच. पूर्वी तर मुंबईतल्या एका कंपनीच्या ग्राहकाचा डेटा मुंबईतल्याच दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाकडे जायला परदेशात जाऊन यायचा, कारण दोघांची गाठ तिकडेच पडायची. देशातला डेटा देशात फिरावा म्हणून २००३ मध्ये निक्सी सुरू झाली ती याच कारणाने.

आणि वाटेत नेटवर्क किती आहेत हे मोजण्यात पण गंमत आहे. एकच मोठी कंपनी मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत असेल तर ते एकच नेटवर्क धरलं जातं, आणि पुण्यातल्या पुण्यात दोन छोट्या कंपन्या ओलांडल्या तर दोन. बीजीपीच्या हिशेबात पहिला रस्ता छोटा.

येणारी गाडी वळवायची कशी

बाहेर जाणाऱ्या डेटासाठी तुमचा आकडा चालतो. आत येणाऱ्यासाठी तुमच्या हातात फक्त विनंती असते. पुण्याच्या पाहुण्याला केलेला फोन.

एक जुनी युक्ती म्हणजे जो रस्ता नको त्या बाजूच्या जाहिरातीत स्वतःचा एएस नंबर तीन-चार वेळा लिहायचा, म्हणजे तो रस्ता मुद्दाम लांब दिसतो. चालते, पण पूर्ण भरवशाची नाही, कारण समोरच्याचा पसंतीचा आकडा लांबीच्या आधी बघितला जातो. तुम्ही दहा वेळा नंबर लिहा, तुम्ही ज्याचे पैसे देणारे ग्राहक आहात तो प्रोव्हायडर तरीही डेटा थेट तुमच्या त्याच लाइनवर टाकणार. त्यासाठी प्रोव्हायडरच काही कोड देतात, त्यांना कम्युनिटी म्हणतात, जाहिरातीला तो कोड लावला की ते त्यांच्याकडचा पसंतीचा आकडा तुमच्यासाठी कमी करतात. प्रोव्हायडर निवडताना अशी कोडची यादी देता का हे विचारा. सेल्सवाल्याचा चेहरा बघून बरंच कळतं.

सगळ्यात जोरदार युक्ती म्हणजे पत्त्यांचे तुकडे करायचे. बीजीपीने निवडलेल्या रस्त्यांत एका पत्त्याला मोठा गट आणि त्याच्या आतला छोटा गट दोन्ही लागू पडत असतील तर डेटा नेहमी छोट्या गटाच्या रस्त्याने जातो, बाकी पसंती-बिसंती काही बघितली जात नाही. तुमच्याकडे ५१२ पत्ते असतील तर २५६ एका बाजूने जाहीर करा, २५६ दुसऱ्या बाजूने, आणि सगळे ५१२ दोन्हीकडून. येणारी वर्दळ बऱ्यापैकी विभागली जाते आणि एक बाजू पडली तर मोठ्या गटाची जाहिरात आहेच. २५६ पेक्षा छोटा तुकडा मात्र जगात सहसा कोणी घेत नाही.

याच नियमाने २४ फेब्रुवारी २००८ ला यूट्यूब पाडलं होतं. पाकिस्तान टेलिकॉमला सरकारी आदेशावरून यूट्यूब देशात बंद करायचं होतं, त्यांनी यूट्यूबच्या १०२४ पत्त्यांमधल्या २५६ चा छोटा गट स्वतःचा म्हणून जाहीर केला, तो घरात राहायला हवा होता पण हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या टेलिकॉम कंपनीमार्फत बाहेर पडला, आणि जगभरातले यूट्यूबचे प्रेक्षक पाकिस्तानकडे वळले. दोन तासांच्या वर चाललं ते. शेजाऱ्याने सांगितलं की विश्वास ठेवायचा, ही पद्धत १९८९ ला ठीक होती. आता आरपीकेआय नावाची सोय आहे ज्यात अमुक पत्ते अमुक एएस नंबरनेच जाहीर करायचे असं डिजिटल सहीने नोंदवता येतं. स्वतःचे पत्ते घेतले असतील तर ही नोंद आधी करा, बाकीचं नंतर.

एवढं करूनही बंद का पडतं?

कारण मघाचा बोरघाट. दोन कंपन्या, दोन बिलं, पण फायबर एकाच डक्टमधून, म्हणजे जमिनीखालच्या एकाच नळीतून.

जुलै २००१ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या हॉवर्ड स्ट्रीट बोगद्यात मालगाडी घसरून आग लागली. त्या एका बोगद्यातून कित्येक कंपन्यांच्या फायबर गेलेल्या होत्या, त्या जळाल्या आणि बऱ्याच ठिकाणी इंटरनेट मंदावलं. तांबड्या समुद्राचं हेच. मुंबईहून युरोपकडे जाणाऱ्या बहुतेक केबल तिथून आणि इजिप्तमधून जातात, त्यामुळे ३० जानेवारी २००८ ला अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या तेव्हा भारताला फटका बसला, २०२४ मध्ये बसला, २०२५ मध्ये पुन्हा बसला. तुमच्या दोन प्रोव्हायडरांपैकी दोघांचीही युरोपकडची क्षमता तिथूनच असेल तर तुमच्या राउटरने काय करावं? चेन्नई, सिंगापूर, अमेरिका असा उलटा फेरा शक्य आहे, पण फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटरच जातो, अर्धी पृथ्वी फिरायची तर वेळ लागणारच. शिवाय त्या बाजूला आधीची गर्दी असतेच.

आपल्या सोसायटीत तर घाट जिन्याखालीच असतो. दोन ब्रँडची कनेक्शनं, पण बिल्डिंगपर्यंतची वायर एकाच लोकल केबलवाल्याची, त्याच खांबावरून, त्याच झाडावरून, त्याच खोक्यात. जिन्यातली लाइट गेली की दोन्ही गप्प.

कॅनडात ८ जुलै २०२२ ला रॉजर्स ही मोठी टेलिकॉम कंपनी स्वतःच्याच अपडेटने आडवी झाली आणि देशभरातली इंटरॅक डेबिट कार्डं बंद पडली, कारण इंटरॅक हे तिथलं कार्ड पेमेंटचं नेटवर्क तिच्यावर अवलंबून होतं. इतकी महत्त्वाची यंत्रणा, आणि भरवसा एकीवरच. आणि कधी रस्ते सगळे ठीक असतात, मुक्कामच गायब असतो. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकच्या एका चुकीच्या कमांडमुळे त्यांच्या डीएनएसच्या जाहिराती मागे घेतल्या गेल्या, साधारण सहा तास त्याच कंपनीचं व्हॉट्सॲप बंद होतं, घरी दहा लाइन असत्या तरी काही झालं नसतं.

'आणि बदल व्हायला तीन मिनिटं का लागतात?'

बीजीपी शेजाऱ्याला 'आहे का रे' असं अधूनमधून विचारते. बऱ्याच राउटरवर हे दर ६० सेकंदांनी होतं आणि १८० सेकंद काहीच ऐकू आलं नाही तर शेजारी गेला असं धरतात. वायरच निघाली तर लगेच कळतं, पण लाइन मधेच कुठेतरी तुटली तर ही तीन मिनिटं डेटा खड्ड्यात जातो. बीएफडी नावाची वेगळी तपासणी दोन्ही बाजूंना चालू केली तर एका सेकंदाच्या आत कळू शकतं. प्रोव्हायडरकडे मागावी लागते, स्वतःहून कोणी देत नाही.

मोबाईलमध्ये तर हे आपोआप होतं की

होतं, थोडंफार. वायफायच्या बाहेर पडलात की पत्ता बदलतो आणि टीसीपी या जुन्या पद्धतीचं कनेक्शन तुटतं, कारण त्याची ओळखच दोन्हीकडचे पत्ते आणि पोर्ट (पत्त्याला जोडलेला नंबर, कुठल्या ॲपचं काम ते सांगणारा) यावर असते. मल्टिपाथ टीसीपी ही सुधारणा एकच कनेक्शन दोन वाटांनी नेते, ॲपलने २०१३ पासून सिरीसाठी वापरली. क्विक या नव्या पद्धतीत कनेक्शनला स्वतंत्र ओळख असते, त्यामुळे पत्ता बदलला तरी काम चालू राहू शकतं. पण समोरच्या सर्व्हरलाही हे यायला लागतं, एकट्या फोनच्या हातात नाही.

मग प्रत्येकानेच एएस नंबर घ्यावा का?

नको. प्रत्येक नव्या जाहिरातीची नोंद जगातल्या सगळ्या मोठ्या राउटरांना ठेवावी लागते. १२ ऑगस्ट २०१४ ला ही यादी ५ लाख १२ हजारांच्या वर गेली आणि तेवढीच जागा ठेवलेले जुने राउटर ठिकठिकाणी कोलमडले. आज ती दहा लाखांच्या आसपास आहे. बाहेरून लोक आत येत नसतील तर तुम्हाला याची गरज नाही, आणि साइट क्लाउडवर असेल तर ही डोकेदुखी क्लाउडवाल्याची.

छोट्या ऑफिसला ड्युअल वॅन राउटर पुरतो, फक्त लावून विसरू नका. शनिवारी संध्याकाळी एकदा चाचणी घ्या, आणि वायर काढायची ती राउटरची नाही, मोडेममागची फायबर काढा, म्हणजे खरा प्रसंग येईल. मोडेम, राउटर सगळं यूपीएसवर ठेवा. दुसरी कंपनी निवडताना पहिलीपेक्षा वेगळा ब्रँड बघू नका, वेगळी वाट शोधा. बिल्डिंगमध्ये वायर कुठून येते, पुढचा जोड कुठे आहे, तो कोणाचा आहे, हे सेल्सवाल्याला नाही, शिडी घेऊन आलेल्या पोराला विचारा, त्याला सगळं माहीत असतं. दोन्ही एकाच खोक्यात जात असतील तर दुसरी लाइन फायबरची घेण्यापेक्षा फोरजी-फाइव्हजीचं डोंगल बरं. फक्त त्या टॉवरला जाणारी फायबर कोणाची, तेही जमलं तर त्याच पोराला विचारून ठेवा.